झिपऱ्या कोंबड्यांची वाटणी

सगळ्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, अपहाराच्या फायली चाळल्या. त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. कुठला पंच कुठल्या गुन्ह्यात होता, हे विचारलं तर सांगता यायचं नाही. एका कोंबड्याची चोरी मात्र अजून बारीकसारीक तपशिलांसह माझ्या डोक्यात बसून आहे. मित्रमंडळीत विषय निघाला की लोक हसतात. हसू द्यावं. फिर्याद ऐकताना मीही हसू दाबलंच होतं.

निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. लातूर जिल्ह्यात रेणापूरच्या बाजूला एका ग्रामीण ठाण्याचा मी प्रभारी होतो. आषाढ चालू होता आणि सोयाबीनची खुरपणी जोरात होती. अशा दिवसांत ठाण्यात वर्दळ कमी असते, कारण भांडायला माणसं शेतातून मोकळी होत नाहीत. बांध कोरल्याच्या तक्रारी पेरणीच्या तोंडावर येतात आणि मारामाऱ्या सुगीनंतर. ऐन खुरपणीत कोणी दिवस मोडून ठाण्यात आलं, तर त्याला खरंच काहीतरी बोचत असतं, एवढं मी अनुभवाने शिकलो होतो.

सकाळची हजेरी घेऊन मी टपाल बघत होतो. एक पन्नाशीची बाई पदर खोचून आत आली आणि तिच्यामागे तिचा नवरा दारातच उभा राहिला. नावं मी कोणाचीच देणार नाही. तिला थोरली म्हणतो, कारण एका घरातल्या दोन जावांपैकी ती थोरली होती आणि तिची फिर्याद धाकटीविरुद्ध होती. धाकट्या जावेने आपला कोंबडा चोरला, असं तिचं म्हणणं होतं.

ठाणे अंमलदाराने पेन खाली ठेवलं. तो मोठा मिश्कील माणूस. म्हणाला, "बाई, आखाड चालू आहे. तुमचा कोंबडा आतापर्यंत चुलीवरून पोटात गेला असेल."

थोरली हसली नाही. म्हणाली, "गेला आसंल तर गेला. मग आमच्या आत्याच्या कोंबड्यांची जात संपली, एवढं लिवून घ्या."

तिच्या आवाजात असं काही होतं की मी तिला खुर्ची दिली आणि सविस्तर विचारलं. आत्या म्हणजे तिची सासू, दोन वर्षांमागे वारलेली. तिचं माहेर देगलूरकडचं. लग्नानंतर तिने माहेराहून या कोंबड्या आणल्या होत्या. त्यांच्या डोक्यावर शेवंतीच्या फुलासारखा पिसांचा मोठा झुपका असतो, म्हणून घरात त्यांना झिपऱ्या म्हणत. पंचक्रोशीत दुसऱ्या कोणाकडे ही जात नव्हती. म्हातारीने त्या कधी बाजारात नेल्या नाहीत की कापल्या नाहीत. ती गेल्यापासून मात्र एकही नवं पिल्लू निघालं नव्हतं. काही कोंबड्या म्हाताऱ्या होऊन मेल्या, काही मांजराच्या तोंडी गेल्या. आता मोजक्या कोंबड्या आणि एकच कोंबडा उरला होता. तोच गेला म्हटल्यावर पुढे काही निघायचा प्रश्नच नव्हता.

संशय धाकटीवरच का, असं विचारल्यावर तिने दुसरी तक्रार पुढे केली. सासूच्या माघारी दोन भावांची वाटणी झाली, अंगणात मधोमध भिंत उभी राहिली आणि जावांचा अबोला सुरू झाला. त्यानंतर धाकटी त्या भिंतीवर अंडी आणून ठेवायची.

"एकदा न्हाई, लई डाव ठिवली, साहेब. करणी करायली ती माझ्यावर. तवापासून माझ्या कोंबड्या अंडी द्यायच्या बंद झाल्यात."

त्या अंड्यांचं काय केलं, असं मी विचारलं. काठीनं नालीत ढकलून दिली, म्हणाली. करणीच्या वस्तूला हात कोण लावणार? अंमलदाराने माझ्याकडे पाहिलं. जादूटोण्याचा कायदा त्याच्या डोक्यात आला असणार. मी तिला विचारलं, अंड्यांवर कुंकू होतं का? टाचण्या, काळा दोरा, सोबत लिंबू? त्यातलं काहीच नव्हतं. नुसतीच अंडी.

हे मला खटकलं. करणीचा मुद्देमाल मी नोकरीत पुष्कळ पाहिला आहे. तो ठेवणारी माणसं त्यात कसर ठेवत नाहीत. समोरच्याने घाबरावं हाच हेतू असतो, त्यामुळे हळदीकुंकवाचा मारा असतो. कोरं अंडं ठेवून कोणी कोणाला घाबरवत नाही. पण त्या क्षणी मी ते मनातच ठेवलं.

किरकोळ किमतीची चोरी नव्या कायद्यात अदखलपात्र धरतात. तशी नोंद करून थोरलीला कोर्टात दाद मागायची समज दिली. परस्पर तपास करायचा अधिकार मला नव्हता. पण भाऊबंदकीतल्या अदखलपात्र तक्रारींतूनच पुढे डोकी फुटतात, म्हणून बीट हवालदाराला गावात चौकशीला पाठवलं. निघताना थोरलीचा नवरा घुटमळला. बायको जरा पुढे गेल्यावर हळूच म्हणाला, माझ्या भावाला ठाण्यात बोलावू नका, त्याची खुरपणी मागं पडली आहे. तेव्हाच ओळखलं की भांडण जावांचं आहे, भावांचं नाही. पुढे हवालदाराने सांगितलं की दोघे भाऊ रोज दुपारी बांधावर बसून एका डबीतली तंबाखू खातात आणि गावात शिरताना वेगवेगळ्या रस्त्याने शिरतात.

हवालदाराने आणखी एक गोष्ट सांगितली. आखाडात कोणाच्या घरी काय शिजलं हे गावात लपत नाही. त्याने शेजारपाजारी विचारलं, उकिरडासुद्धा बघितला. धाकटीच्या घरी कोंबडा शिजलेला नव्हता. म्हणजे तो एक तर जिवंत होता, नाही तर गावाबाहेर गेला होता. पुढचे काही दिवस काहीच हाती लागलं नाही. थोरली मात्र खुरपणी आटोपली की ठाण्यात यायची, बाकावर बसायची आणि न बोलता परत जायची. अंमलदाराची चेष्टा केव्हाच बंद झाली होती. तो तिच्यासाठी चहा सांगायला लागला.

खबर आली ती आमच्याच ठाण्यातून. आमचा दुसरा एक हवालदार रजेवर सासुरवाडीला, अर्धापूरकडे गेला होता. रजा संपवून आल्यावर त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "साहेब, आपला फरार आरोपी बघा." केळीच्या बागेतला फोटो होता. खाली पडलेल्या पानांत कोंबड्या दाणे टिपत होत्या आणि त्यांच्या डोक्यावर झुपके होते. मधे एक थोराड कोंबडा होता, त्याचा झुपका मात्र आखूड दिसत होता. बाग कोणाची, म्हणून हवालदाराने तिथेच विचारून घेतलं होतं. बागवाल्याची बहीण रेणापूर तालुक्यात दिलेली होती. कुठल्या गावात, हे मी सांगायची गरज नाही. ती आमची धाकटी.

फोटो मी बराच वेळ बघत होतो. कोंबडा सोडला तर त्यातली सगळी पाखरं तरणी होती, गेल्या सालाभरातली. सासू गेल्यापासून एकही पिल्लू निघालं नाही, असं थोरली म्हणत होती. मग ही आली कुठून? ती बाकावर आली तेव्हा फोटोबद्दल काही न सांगता मी तिला एवढंच विचारलं की सासूच्या वेळी पिल्लं कशी निघायची.

तिने सांगितलं ते मला नवीन होतं. झिपऱ्या अंडी घालतात, पण उबवत नाहीत. "आंडी घालत्यात आन इसरून जात्यात," ती म्हणाली. म्हातारी त्यांची अंडी गोळा करायची आणि खुडूक झालेल्या, म्हणजे उबवणीला बसलेल्या, गावरान कोंबडीखाली ठेवायची. मग पिल्लं निघायची. ती गावरान कोंबडी आता कुठे आहे, असं विचारलं, तर ती वाटणीत धाकटीकडे गेली होती.

वाटणी कशी झाली, हे मी तिच्या तोंडून ऐकून घेतलं. पंचांनी जमीन वाटली, बैल वाटले, भांडी वाटली. शेवटी कोंबड्या राहिल्या. थोरलीचा मान म्हणून झिपऱ्या तिला दिल्या. धाकटीवर अन्याय नको म्हणून तिला गावरान कोंबड्या दिल्या आणि तिच्या बाजूला येत होतं म्हणून खुराडंही दिलं. सारखं झालं, असं सगळे म्हणाले आणि चहाला उठले. म्हणजे अंडी घालणाऱ्या कोंबड्या भिंतीच्या अलीकडे आणि उबवणाऱ्या पलीकडे. पंचांत शेतकरीच होते, कोंबड्या सगळ्यांच्या घरी होत्या, तरी हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. वाटणी करताना माणसं आकड्यांकडे बघतात, त्यातलंच हे.

आता माझ्या डोक्यात प्रकरण जुळलं. धाकटी अंडी चोरत होती, आपल्या कोंबडीखाली उबवत होती, पिल्लं माहेरी पोचवत होती आणि शेवटी कोंबडाही उचलला. सगळे दुवे बसले. सगळे दुवे बसले की पोलीस माणूस खूश होतो आणि चुकायची वेळही नेमकी तीच असते.

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं. मी महिला पोलीस शिपायाला सोबत घेऊन दिवसाउजेडी धाकटीच्या घरी गेलो. चाळिशीची, किरकोळ अंगाची बाई सुपात डाळ निवडत होती. आम्हाला बघून तिने सतरंजी टाकली, पाणी दिलं आणि पुन्हा सूप पुढे ओढलं. कोंबड्याबद्दल विचारलं तर गप्प. जावेशी वाकडं का, तर गप्प. खोटं बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो. गप्प बसणारा एक तर मुरलेला असतो, नाही तर त्याला कोणीतरी विचारण्याचीच वाट बघायची सवय झालेली असते. मी फार न ताणता मोबाइल तिच्यासमोर ठेवला.

तिने फोटो जवळ घेतला. माझी अपेक्षा होती की ती चपापेल. ती चपापली नाही. तिचा चेहरा एकदम उजळला आणि आपण कोणासमोर बसलो आहोत हेही ती विसरली.

"डोळे उघडले की त्याचे," ती म्हणाली.

मग ती बोलायला लागली आणि माझे दुवे एकेक करून सुटत गेले.

झिपऱ्यांचा झुपका वाढला की पुढे डोळ्यांवर येतो. पावसात तो भिजून चिकटतो, डोळ्यांत घाण साचते आणि पाखराला दाणासुद्धा दिसत नाही. म्हणून पावसाळ्याच्या तोंडी सासू कात्रीने झुपका कापायची. पाय धरायला धाकटी असायची. थोरली तेव्हा घरचा कारभार बघायची, तिला हे कधी बघायलाच मिळालं नाही. वाटणीनंतर तिने झुपका तसाच वाढू दिला, वरून त्याला विंचरायचीसुद्धा. गावातली पोरंसोरं फोटो काढायला यायची, त्याचं तिला कौतुक होतं. यंदा पाऊस सुरू झाला आणि धाकटीला भिंतीवरून दिसायला लागलं की कोंबडा भिंतीला धडकतो, दाणा सोडून भलतीकडे चोच मारतो आणि दिवसेंदिवस वाळत चाललाय. अर्धापूरचा भाऊ भेटायला आला होता. थोरली शेतात असताना तिने कोंबडा उचलला, झुपका कापला, डोळे धुतले आणि केळीच्या टोपलीत घालून भावाबरोबर माहेरी पाठवला.

मी म्हणालो, हे सगळं तुम्ही जावेला सांगायचं होतं. ती माझ्याकडे असं बघायला लागली, जणू मीच काही खुळ्यासारखं बोललो.

"अबोला हाय की, साहेब."

आमच्याकडे अबोला हाही एक कायदाच आहे आणि तो आमच्या कायद्यापेक्षा कडक पाळला जातो. झुपका कापून कोंबडा परत सोडला असता, तर कोंबडा विद्रूप केला म्हणून नवं भांडण लागलं असतं, असं तिचं म्हणणं. ते खोटं नव्हतं.

आणि अंडी? त्याचा उलगडा सगळ्यात वाईट होता. कोंबडीला अंडं घालायची जागा एकदा सवयीची झाली की ती बदलत नाही. भिंत उभी राहिली तरी झिपऱ्या तिच्यातल्या मोरीच्या भोकातून पलीकडे जायच्या आणि जुन्या खुराड्यात अंडी घालून परत यायच्या. थोरलीच्या कोंबड्या अंडी द्यायच्या बंद झाल्या, त्या अशा.

"आक्काची आंडी मी कशाला ठिवून घेऊ? बोलणं बंद, म्हनून भितीवर ठिवली. त्या घेतील, म्हनलं. त्यांनी काठीनं नालीत ढकलली, माझ्या डोळ्यांदेखत. माझा हात लागला म्हनून आत्याची आंडीसुद्धा नको झाली त्यांना." तिने सुपातला एक खडा वेचून फेकला. मग म्हणाली, "मग मी आमच्या कोंबडीखाली ठिवली आन पिल्लं निघाली तशी भावाकडं धाडली. जात तर ऱ्हावी."

माझ्यासोबतच्या महिला शिपायाने मान खाली घातली. एकीने जीव लावून परत दिलेली वस्तू दुसरीला करणी वाटली आणि दुसरीने भीतीने फेकलेली वस्तू पहिलीला अपमान वाटली. दोघींचे जबाब वेगवेगळे लिहिले असते, तर दोन्ही शब्दन् शब्द खरे ठरले असते. मला फार वाईट वाटलं, हे कबूल करतो. काठीने ढकललेल्या त्या अंड्यांत किती पिल्लं गेली असतील, हेच माझ्या डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्याची वस्तू न विचारता नेणं ही चोरीच. पण कायद्याला बेइमानीचा उद्देश लागतो आणि या बाईचा उद्देश त्या कोंबड्याच्या उघडलेल्या डोळ्यांत दिसत होता. मी वरिष्ठांच्या कानावर घातलं, स्टेशन डायरीला नोंद केली, तिकडच्या ठाण्याला कळवलं आणि एके सकाळी दोघी जावांना सरकारी गाडीत बसवून अर्धापूरला नेलं. थोरलीला एवढंच सांगितलं की तुमच्यासारखा कोंबडा दिसला आहे, ओळखायला चला. मागच्या सीटवर महिला शिपाई मधे आणि दोघी दोन खिडक्यांना. सगळा रस्ता एक शब्द नाही. अंमलदाराने हट्टाने ड्रायव्हरशेजारी जागा धरली होती.

बागेत पोचलो. धाकटीच्या भावाने मूठभर ज्वारी टाकून आवाज दिला. केळीच्या खुंटांमागून पाखरं पळत आली. पांढरी, काळी, कबरी, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर झुपका. थोरली जागच्या जागी उभी राहिली. तिने कोंबड्याकडे बघितलंही नाही, ती त्या तरण्या पाखरांकडेच बघत होती.

"ही कुणाची?" तिने विचारलं. मीच सांगितलं. तुम्ही नालीत ढकलली ती अंडी करणीची नव्हती, बाई. तुमच्याच झिपऱ्यांची होती. तुमची जाऊ तुम्हाला ती परत देत होती. तुम्ही घेईनात, म्हणून तिने ही पाखरं काढली.

थोरली मटकन वाफ्याच्या कडेला बसली. आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिली आणि रडली. त्या रडण्यात बायकांचं मोकळं होणं नव्हतं, नुसता पश्चात्ताप होता. डोळे पुसून तिने मान वर केली आणि वाटणीनंतर पहिल्यांदा धाकटीशी बोलली.

"मला हाक मारायची व्हतीस."

"तुमी वळून बघितलं आसतं का, आक्का?"

थोरलीने विचार केला. खरोखर विचार केला. एखादी म्हणाली असती, बघितलं असतं की. ती म्हणाली, "न्हाई."

मला वाटतं, त्या एका प्रामाणिक शब्दाने भांडण मिटलं. पुढचं सगळं नुसती लिखापढी होती. धाकटी तिच्याशेजारी जाऊन बसली. भावाने कोंबडा धरून आणला आणि थोरलीच्या मांडीवर दिला. तिने बोटाने त्याचा आखूड झुपका बाजूला केला, डोळे बघितले. मी रीतसर विचारलं, हाच का तुमचा कोंबडा?

"आमच्या आत्याचा हाय, साहेब. माझ्या एकटीचा न्हाई. मला फिर्याद चालवायची न्हाई."

ठाणे अंमलदाराने बागेतच बसून तिचा जबाब लिहून घेतला. मी बघितलं, त्या मिश्कील माणसाने लिहिताना दोनदा चष्मा पुसला. भावाच्या बायकोने आम्हाला केळी दिली, ती मी नाकारली आणि अंमलदाराने नजर चुकवून खाल्ली. परत येताना महिला शिपाई आपणहून मागच्या सीटच्या कडेला सरकली. दोघी जावा शेजारीशेजारी बसल्या, कोंबड्याची टोपली दोघींच्या मांडीवर. रस्ताभर त्यांचं बोलणं चाललं होतं, खुडूक कोंबडीखाली आता एका वेळी किती अंडी मावतील याचं.

पुढे माझी निवृत्ती जवळ आली. त्या गावात बैलपोळ्याचा बंदोबस्त होता, म्हणून जाणं झालं. थोरलीने चहाला बोलावलं. भिंत होती तशीच होती. वाटणी झाली होती आणि ती मोडायचं कोणाला कारण नव्हतं. फक्त मोरीचं भोक चांगलं मोठं करून त्याला दगडी चौकट बसवली होती आणि त्यातून झिपऱ्या या घरातून त्या घरात जात-येत होत्या. खुराड्याच्या दारात गावरान कोंबडी पिल्लं घेऊन बसली होती. त्यांच्या डोक्यावर आत्ताच कुठे गाठीसारखा झुपका उठत होता. धाकटी कात्री घेऊन आली आणि थोरलीने एका मोठ्या पाखराचे पाय धरले. मी सहज विचारलं की आता यातली पाखरं थोरलीची किती आणि धाकटीची किती.

दोघी एकदम थांबल्या. धाकटी म्हणाली, "साहेब, चहा घ्या, पर पुन्हा वाटणी करून जाऊ नका."

चोरीच्या तपासात आमचा पहिला प्रश्न असतो, वस्तू कोणाची? सगळी नोकरी मी तोच विचारला आणि बहुतेक ठिकाणी तो बरोबरही होता. पण त्या घरात वस्तू कोणाची हे पंचांनी अगदी नीट ठरवून दिलं होतं आणि त्यानेच ती जात संपत आली होती. तेव्हापासून माझ्याकडे कोणी भाऊबंदकीचा सल्ला मागायला आलं, तर मी आधी विचारतो, ही वस्तू जगते कशावर?